अर्धवट गेम बंद करताना: पाठीराख्यांचा हिशेब चुकता करून थांबण्याची पद्धत

टायनी स्पेक नावाच्या स्टुडिओने सप्टेंबर २०११ मध्ये 'ग्लिच' हा ब्राउझरवर चालणारा ऑनलाइन गेम सुरू केला आणि डिसेंबर २०१२ मध्ये तो बंद केला. बंद करायचं ठरलं तेव्हा कंपनीच्या खात्यात गुंतवणुकीचे काही दशलक्ष डॉलर शिल्लक होते. म्हणूनच पैसे भरलेल्या खेळाडूंपुढे त्यांना तीन पर्याय ठेवता आले: पैसे परत घ्या, आमच्याकडेच राहू द्या, किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेला द्या. नोकरी जाणाऱ्या सहकाऱ्यांची माहिती देणारं एक पान त्यांनी साइटवर टाकलं, म्हणजे इतर कंपन्यांना त्यांना कामावर घेता यावं. वर्षभराने गेममधली हजारो चित्रं आणि बराचसा कोड कुणालाही वापरता येईल असा खुला केला. उरलेल्या मंडळींनी त्यानंतर जे बनवलं त्या ऑफिसमधल्या संदेशांच्या अ‍ॅपला आज आपण स्लॅक म्हणून ओळखतो.

एकट्यादुकट्या डेव्हलपरकडे दशलक्ष डॉलर नसतात. पण या उदाहरणातली महत्त्वाची गोष्ट रक्कम नाहीच. गेम बंद करायलाही पैसे लागतात, काही आठवड्यांचे श्रम लागतात आणि लोकांच्या रागाला शांतपणे उत्तर देण्याइतकं मन शाबूत असावं लागतं. बहुतेक स्वतंत्र डेव्हलपर या तिन्ही गोष्टी संपेपर्यंत गेम ओढत राहतात आणि मग त्यांच्याकडे गप्प बसण्याखेरीज काही उरत नाही. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: नीट थांबता येईल एवढं बळ शिल्लक असतानाच थांबायचं.

थकलात की गेम संपलाय, हे आधी तपासा

दोन आठवडे कामाला हात लावू नका. पाठीराख्यांना, म्हणजे गेमसाठी आधीच पैसे दिलेल्यांना, एका ओळीत सांगा की अमुक तारखेपर्यंत सुट्टीवर आहे, त्या दिवशी पुन्हा लिहीन. थकव्यात घेतलेला बंद करण्याचा निर्णय जितका धोक्याचा, तितकाच थकव्यात घेतलेला 'रेटून नेऊ' हा निर्णयही.

परत आल्यावर कागद घ्या. उरलेली सगळी कामं लिहा आणि प्रत्येकापुढे लागतील तेवढे दिवस मांडा. आता मागच्या दहा पूर्ण झालेल्या कामांकडे बघा. त्यांना किती दिवस लागतील असं वाटलं होतं आणि खरोखर किती लागले? वाटले होते २० आणि लागले ५०, तर तुमचा अंदाज अडीच पटीने चुकतो. उरलेल्या १२० दिवसांच्या यादीला त्याच अडीचने गुणा. ३०० दिवस. खात्यात किती दिवसांचे पैसे आहेत? हे गणित मी लोकांकडून करून घेतो तेव्हा बहुतेकांना उत्तर आधीपासून माहीत असतं, फक्त ते आकड्यात मांडलेलं नसतं.

गणित जमत असलं तरी आणखी एक प्रश्न उरतो: खेळाचा गाभा मजा देतो का? कादंबरीकार नील स्टीफन्सन यांच्या तलवारबाजीच्या 'क्लँग' या गेमला २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर सुमारे ५ लाख २६ हजार डॉलर मिळाले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी तो थांबल्याचं जाहीर केलं, आणि नमुना तांत्रिकदृष्ट्या नावीन्यपूर्ण असला तरी खेळायला फारशी मजा येत नव्हती, असं त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. गाभ्यातच रस नसेल तर आणखी सहा महिने घालून पातळ्या वाढतील, गेम सुधारणार नाही. पाच अनोळखी माणसांना बिल्ड (गेमची खेळता येणारी प्रत) द्या आणि सांगितल्याशिवाय दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खेळतात का, ते बघा.

बंद करण्याचा खर्च वेगळा काढा

हे काम खरं तर प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यातच करायचं. तेव्हा केलं नसेल तर आज करा. शेवटची बिल्ड दुरुस्त करायला तीन ते सहा आठवडे, ऑनलाइन भाग असेल तर सर्व्हरचं आणखी काही महिन्यांचं भाडं, संगीतकार-चित्रकारांची राहिलेली बिलं, कर सल्लागाराची फी, पैसे परत पाठवताना लागणारं शुल्क, छापील वस्तू कबूल केल्या असतील तर छपाई आणि टपाल. ही बेरीज म्हणजे तुमची लक्ष्मणरेषा. खात्यातली रक्कम तिला टेकली की त्या आठवड्यात निर्णय घ्यायचा, 'पुढच्या सेलमध्ये विक्री वाढेल' या आशेवर ढकलायचा नाही. दोघं-तिघं मिळून काम करत असाल तर हा आकडा सगळ्यांसमोर लिहून ठेवा, म्हणजे तो दिवस आल्यावर वाद आकड्याशी होईल, एकमेकांशी नाही.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात अपुरा गेमही विक्रीला ठेवता येतो, त्याला अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात. त्याच्या सूचनांमध्येही हेच निराळ्या बाजूने सांगितलेलं आहे: विक्री जवळपास झालीच नाही तर गेम पूर्ण करणं परवडणार नसेल, तर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये उतरू नका.

काय काय कबूल केलंय, त्याची यादी

एक दिवस फक्त वाचनाला द्या. पैसे जमवण्याच्या मोहिमेचं पान, दुकानातलं वर्णन, प्रत्येक अपडेट, डिस्कॉर्डवरची उत्तरं, मुलाखती, व्हिडिओंखालच्या तुमच्या प्रतिक्रिया. 'असेल', 'देऊ', 'नक्की' हे शब्द जिथे दिसतील तिथे थांबायचं आणि वहीत नोंद करायची: काय कबूल केलं, कुठे, कुणाला, आज त्याची स्थिती काय, आणि आता त्याचं काय होणार. हे वाचन जिवावर येतं. तरीही स्वतःच करा, सहकाऱ्यावर ढकलू नका, कारण पुढे प्रश्न विचारले जाणार आहेत ते या वहीतूनच.

यातून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते. गेम पूर्ण होणार नसला तरी कबूल केलेल्यातलं बरंच काही देता येतं. श्रेयनामावलीत नाव येणार होतं? शेवटच्या बिल्डमध्ये ती नामावली टाका. चित्रांचं पुस्तक देणार होता? अर्धवट गेमची रेखाटनं, टाकून दिलेले नकाशे, बदलत गेलेली पात्रं यांचं डिजिटल पुस्तक होऊ शकतं, आणि कधीकधी ते पूर्ण झालेल्या गेमच्या पुस्तकापेक्षा वाचनीय होतं. तयार झालेलं संगीत देता येतं, मात्र संगीतकाराशी झालेला करार आधी बघा. जास्त पैसे भरून एखाद्याने पात्राची रचना करण्याचा हक्क घेतला असेल, तर ते पात्र चित्रकाराकडून काढून त्याला पाठवा. ज्याने सगळ्यात जास्त विश्वास टाकला, त्याच्या हातात निदान काहीतरी पडतं.

पैशाचा हिशेब

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. पैसे कोणत्या वाटेने आले, त्यावर तुमची जबाबदारी ठरते.

क्राउडफंडिंगमधून (लोकवर्गणीतून) आले असतील तर व्यासपीठाच्या अटी उघडून पुन्हा वाचा. किकस्टार्टरच्या अटींनुसार प्रकल्प पूर्ण करता येत नसेल तर काय काम झालं, पैसे कसे खर्च झाले आणि कशामुळे अडलं हे अपडेटमध्ये सांगावं लागतं. शक्य तितक्या चांगल्या शेवटापर्यंत नेण्यासाठी प्रामाणिक प्रयत्न करून त्याची मुदत कळवावी लागते. पैसे योग्य प्रकारे वापरल्याचं दाखवता आलं पाहिजे. मोहिमेत दिशाभूल केलेली नसावी. आणि उरलेली रक्कम, ज्यांना काही मिळालं नाही अशा पाठीराख्यांना (बॅकर्सना) त्यांच्या वाट्याप्रमाणे परत देऊ करावी लागते, किंवा ती वापरून प्रकल्प निराळ्या रूपात कसा पूर्ण होईल ते सांगावं लागतं. म्हणजे अपयशाला जागा आहे. हिशेब न देण्याला नाही.

ही रेषा कुठे आहे हे अमेरिकेतल्या एका खटल्यातून कळतं. २०१५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने क्राउडफंडिंगवरची आपली पहिली कारवाई केली, ती एका बोर्ड गेमच्या मोहिमेवर. ३५ हजार डॉलर मागितले होते, १ लाख २२ हजारांहून अधिक जमले होते, आणि गेम रद्द झाला होता. आयोगाचा आक्षेप होता की पैसे घरभाडं, वैयक्तिक वस्तू आणि दुसऱ्याच कामावर उडवले गेले. मोहिमेचे पैसे आणि घरखर्चाचे पैसे एकाच खात्यात असतील, तर हेतू कितीही स्वच्छ असला तरी तो दाखवता येत नाही. स्वतःचा पगार घेणं गैर नाही. पण तो पगार म्हणून, ठरलेल्या रकमेने, ठरलेल्या तारखेला निघालेला दिसला पाहिजे.

हिशेब जाहीर करताना पै-पैचा ताळेबंद नको, पाच-सहा ओळी पुरतात. समजा ५०,००० डॉलर जमले. त्यातून व्यासपीठाचं आणि पैसे भरणा सेवेचं शुल्क (किकस्टार्टरवर ५ टक्के आणि त्यावर साधारण ३ ते ५ टक्के), चित्रकार, संगीत, दोन जणांचा चौदा महिन्यांचा पगार, सॉफ्टवेअर आणि यंत्रं, कर. शेवटी शिल्लक. पाठीराख्यांपैकी अनेकांना हे ठाऊकच नसतं की जमलेल्या रकमेतला दहावा भाग काम सुरू होण्याआधीच गेलेला असतो. ते आधी कधी सांगितलं नसेल तर आता सांगा, पण सबब म्हणून नको.

वाटणीचं गणितही उघड मांडा. शिल्लक ६,००० डॉलर आणि काहीच न मिळालेल्या बॅकर्सनी एकूण ४०,००० भरलेले, तर प्रत्येकाला भरलेल्या रकमेच्या १५ टक्के. ज्याने २० भरले त्याला ३ डॉलर. रक्कम छोटी आहे, आणि ती पाठवायला एक डॉलर शुल्क लागत असेल तर हास्यास्पदही वाटू शकते. तरी लोकांना विचारा: हवे आहेत, की शेवटच्या बिल्डच्या कामाला वापरू? अर्ज साधा ठेवा, मुदत किमान ६० दिवसांची द्या, आणि उत्तर न देणाऱ्यांच्या पैशांचं काय करणार तेही आधीच लिहा. सगळी रक्कम आपणच परस्पर 'सत्कारणी' लावू नका.

आता दुसऱ्या गेमच्या किल्ल्या (गेम उतरवून घ्यायचे कोड) वाटण्याबद्दल. 'योगव्हेंचर्स' या गेमसाठी २०१२ मध्ये सुमारे ५ लाख ६७ हजार डॉलर जमले होते. जुलै २०१४ मध्ये तो रद्द झाला आणि बॅकर्सना दुसऱ्याच एका गेमची प्रत देण्यात आली. माझ्या मते अशी भेट परतफेडीवर वरकड म्हणून द्यावी, तिच्या जागी नव्हे. माणसाने पैसे ज्या गेमसाठी दिले तो त्याच्या मनात होता. त्याच्या जागी आपल्या सोयीची वस्तू ठेवली की दुखावणं वाढतं.

अर्ली अ‍ॅक्सेसची गोष्ट वेगळी. तिथे खरेदीदाराने आजच्या स्थितीतला गेम घेतलेला असतो, आणि परताव्याचा निर्णय दुकान घेतं. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. त्यापलीकडच्या अर्जांवर स्टीम स्वतः विचार करतं. दुकानाच्या वतीने 'सगळ्यांना परतावा मिळेल' असं कबूल करू नका, ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ती विक्री. निर्णय झाल्यावर घोषणेची वाट न पाहता विक्री थांबवा. घोषणेच्या तीन दिवस आधी सवलत लावून चार प्रती खपवणारा डेव्हलपर पुन्हा कधी उभा राहत नाही, आणि राहूही नये.

दरमहा वर्गणी घेत असाल तर सर्वांत आधी पुढच्या महिन्याची वसुली थांबवा. पेट्रिऑनवर तशी सोय आहे. लोक पत्र वाचत असताना त्यांच्या खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश यायला नको.

कुणाला, कोणत्या क्रमाने

आधी टीम. प्रत्यक्ष बोलून, एकेकाशी. अर्धवेळ चित्रकाराला आपलं काम संपल्याचं सार्वजनिक पोस्टमधून कळलं, तर त्याने मित्रांना काय सांगावं? त्यांची बिलं त्याच आठवड्यात चुकती करा आणि केलेलं काम स्वतःच्या कामाच्या संग्रहात दाखवायची लेखी परवानगी द्या. मग प्रकाशक किंवा अनुदान देणारे असतील तर ते, करारासह. मग विक्री आणि वसुली बंद. मग पैसे दिलेल्यांना ईमेल, आणि तासाभरात सगळीकडे तीच जाहीर घोषणा. शब्द सगळीकडे सारखे हवेत. दोन ठिकाणी दोन सूर लागले की लोक फरक शोधत बसतात. शुक्रवारी संध्याकाळी घोषणा टाकून शनिवार-रविवार फोन बंद करू नका. पुढचे तीन दिवस तुम्ही जागेवर असाल असा दिवस निवडा.

पत्र

पहिल्याच वाक्यात बातमी हवी. प्रवासाच्या आठवणी, आभार, सुरुवातीच्या दिवसांचं वर्णन, सगळं नंतर. 'अनिश्चित काळासाठी स्थगित', 'नव्या दिशेचा विचार', 'सध्या तरी' हे शब्द वापरू नका. तुम्हाला ते सौम्य वाटतात, पण वाचणाऱ्याला त्यात आशेचा धागा दिसतो आणि तो वर्षभर तो धरून बसतो. कारण सांगा, पण एखाद्या माणसावर ढकलू नका. सोडून गेलेल्या प्रोग्रामरला पत्रात उत्तर देता येत नाही. आजारपणाबद्दल 'तब्येतीच्या कारणाने' एवढं पुरे आहे, कुणालाही तुमचे रिपोर्ट मागण्याचा हक्क नाही. एक नमुना देतो, बदलून घ्या:

'आम्ही या गेमचं काम आजपासून कायमचं थांबवत आहोत. तो पूर्ण होणार नाही.

दहापैकी चार पातळ्या तयार झाल्या. उरलेल्या सहांना आमच्या अंदाजाने आणखी दोन वर्षं लागतील आणि आमच्याकडे तीन महिन्यांचे पैसे आहेत. कामाचा आवाका आम्ही चुकीचा ओळखला. मागच्या वसंतात हे आमच्या लक्षात येऊ लागलं होतं आणि तेव्हाच सांगायला हवं होतं. ते केलं नाही, याबद्दल माफी मागतो.

विक्री काल रात्री थांबवली आहे. जमलेल्या पैशांचा हिशेब खाली आहे. शिल्लक रक्कम काहीच न मिळालेल्या पाठीराख्यांना वाट्याप्रमाणे परत देत आहोत. अर्ज खाली आहे, मुदत ६० दिवस. चार पातळ्यांची दुरुस्त केलेली शेवटची आवृत्ती सहा आठवड्यांत देऊ. ती इंटरनेटशिवाय चालेल.

प्रश्न या पत्त्यावर पाठवा. पुढचे तीन महिने आम्ही प्रत्येक पत्राला उत्तर देऊ. पुढचं अपडेट पंधरा दिवसांनी, पैसे परत देण्याच्या स्थितीबद्दल.'

यात 'तेव्हाच सांगायला हवं होतं' हे वाक्य लिहायला सर्वांत जड जातं आणि बहुतेक जण ते गाळतात. वाचणाऱ्याला मात्र तेच हवं असतं, कारण ती गोष्ट त्याच्या आधीच लक्षात आलेली असते. पत्र पाठवण्याआधी गेम ठाऊक नसलेल्या एखाद्या मित्राला वाचायला द्या आणि विचारा: गेम येणार आहे का? त्याने क्षणभर जरी विचार केला तरी पुन्हा लिहा. पत्रात कोणतीही नवी तारीख टाकताना तिला स्वतःच्या त्या अडीचने गुणायला विसरू नका. बंद करतानाचं वचन मोडलं तर पुढे कशावरच कुणी विश्वास ठेवणार नाही.

पहिले तीन दिवस

प्रतिक्रिया बंद करू नका. राग राहू द्या. शिवीगाळ आणि धमक्या मात्र काढा, आणि हे काम शक्यतो तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाकडे द्या. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्याचं उत्तर मूळ पत्राखाली जोडा. 'तुम्ही आमचे पैसे खाल्ले' याला उत्तर म्हणजे हिशेबाच्या ओळी, एकदाच, शांतपणे. दुसऱ्यांदा वाद नाही. रात्री दहानंतर उत्तरं लिहू नका.

गेमचं काय करायचं

डबल फाइन या स्टुडिओने 'स्पेसबेस डीएफ-९' हा गेम ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आणला. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पुढची आवृत्ती १.० असेल आणि तिथे काम थांबेल. सोबत गेमचा लुआ भाषेतला कोडही खुला केला, आणि त्यावर पुढे अनधिकृत सुधारित आवृत्त्या निघाल्या. कोड देणं चांगलंच झालं. पण ठरलेल्या योजनेतलं बरंच काही नसताना '१.०' हा आकडा लावल्याने लोक भडकले. अर्धवट गेमला पूर्णत्वाची पाटी लावू नका. 'शेवटची आवृत्ती' म्हणा. ते खरं आहे.

शेवटच्या आवृत्तीत नवीन काहीही घालायचं नाही. सेव्ह फाइल बिघडवणारे आणि गेम मधेच बंद पाडणारे बग आधी. मग अर्धवट दरवाजे: जिथे पुढची पातळी उघडणार होती तिथे खेळाडू अडकून पडत असेल, तर तिथे एक पाटी आणि परत जायची वाट. ऑनलाइन तपासणी, खात्याची सक्ती, माहिती गोळा करणारा कोड आणि गेममधली खरेदी काढून टाका. एखाद्या जुन्या आवृत्तीवर लोकांचा जीव असेल तर स्टीमवर ती वेगळ्या शाखेत ठेवता येते.

गेम सर्व्हरशिवाय चालतच नसेल तर सर्व्हर स्वतः चालवण्याचं साधन द्या. मोजँग या स्टुडिओने आपला 'स्क्रोल्स' हा पत्त्यांचा गेम फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद केला आणि जूनमध्ये तो 'कॉलर्स बेन' या नावाने मोफत दिला, सर्व्हरच्या सॉफ्टवेअरसह. ज्यांना खेळायचं होतं ते स्वतःचा सर्व्हर उभा करून खेळू शकले.

कोड खुला करण्याआधी दोन दिवस सफाईला ठेवा. कोडच्या इतिहासात कुठेतरी पासवर्ड किंवा सेवांच्या गुप्त किल्ल्या दडलेल्या असतात. आजच्या फाइलमधून काढल्या तरी जुन्या नोंदींत राहतात, म्हणून त्या किल्ल्या रद्द करा आणि इतिहासाशिवाय नवी प्रत टाका. विकत घेतलेली मॉडेल्स, फॉन्ट, आवाज यांतलं बरंच काही वाटायची परवानगी तुमच्याकडे नसते. युनिटी अ‍ॅसेट स्टोअर या गेमसाठीची तयार सामग्री देणाऱ्या दुकानातल्या वस्तू उघड्या फाइल म्हणून पुढे देता येत नाहीत. त्या काढा आणि कोणती वस्तू कुठून घ्यायची याची यादी ठेवा. कोडसाठी एमआयटी परवाना घेतला तर कुणीही जवळपास काहीही करू शकतं, जीपीएल घेतला तर सुधारित आवृत्ती वाटणाऱ्याला आपला कोडही द्यावा लागतो. चित्रांसाठी कसलीही अट न घालणारा सीसी-झिरो परवाना किंवा नावाचा उल्लेख मागणारा सीसी-बाय. गेमचं नाव मात्र स्वतःकडे ठेवणं शहाणपणाचं, नाहीतर उद्या कुणीही त्याच नावाने पैसे मागेल. हे सगळं जमत नसेल तर कोडचं वचनच देऊ नका.

पाटी बदला

दुकानाच्या पानावर सगळ्यात वर, वर्णनाच्या आधी: 'या गेमचं काम थांबलं आहे.' मोफत ठेवणार असाल तरीही. इच.आयओ या गेमच्या साइटवर प्रकल्पाची स्थिती 'रद्द' अशी ठेवायची सोय आहे. स्टीमवर विक्रीतून काढलेला गेम आधीच्या खरेदीदारांच्या संग्रहात राहतो, हे पत्रात सांगा, कारण ती भीती अनेकांना असते. फेब्रुवारी २०२५ पासून स्टीम वर्षभराहून अधिक काळ अपडेट न झालेल्या अर्ली अ‍ॅक्सेस गेमवर तशी सूचना आपणहून दाखवतं. तुम्ही सांगितलं नाही तर यंत्र सांगणार आहे.

बंद नाही, थांबवलाय

हा पर्याय खरा असू शकतो: बाळंतपण, घरातलं आजारपण, सहा महिन्यांची नोकरी. पण त्याला तीन अटी. या काळात एकही पैसा घ्यायचा नाही. परतीचा निर्णय कळवण्याची तारीख द्यायची. आणि त्या तारखेला काही कळवलं नाही तर गेम बंद समजावा, हे आधीच लिहून द्यायचं. तिसरी अट मान्य करायला हात अडखळत असेल तर तुम्ही थांबवत नाही आहात, बंद करत आहात.

आधीच गप्प बसला असाल तर

मी एकदा सात महिने गप्प बसलो होतो. रोज वाटायचं की काहीतरी दाखवण्यासारखं झालं की मग लिहू. जितका उशीर व्हायचा तितकं दाखवायचं काम मोठं असायला हवं असं वाटायचं, आणि तितकं ते होत नव्हतं. शेवटी चार ओळी लिहिल्या. त्यांत दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. पहिलं उत्तर आलं ते 'तू बरा आहेस ना?' असं. ते मी अजून विसरलेलो नाही.

शांततेत खरी कारणंही दिसत नाहीत. 'क्यूब वर्ल्ड' या गेमची अल्फा (सुरुवातीची अपुरी) आवृत्ती जुलै २०१३ मध्ये विक्रीला आली तेव्हाच त्याच्या साइटवर सायबर हल्ला झाला. त्याचा आपल्या मनावर खोल परिणाम झाल्याचं गेमच्या निर्मात्याने २०१९ मध्ये लिहिलं. मधली सहा वर्षं पैसे दिलेल्यांना फारसं काहीच कळत नव्हतं, आणि माहिती नसली की लोक सर्वांत वाईट शक्यता धरून चालतात.

तर परत येताना: आधी छोटा संदेश, 'मी इथे आहे, इतके महिने काही सांगितलं नाही ही माझी चूक, दोन आठवड्यांत अमुक तारखेला सगळी स्थिती सांगतो.' त्या दोन आठवड्यांत वरची वही आणि हिशेब पूर्ण करा. मग ठरलेल्या दिवशी पत्र. गेम पुन्हा सुरू करण्याची घोषणा परतीच्या पहिल्या संदेशात कधीही नको. अपराधीपणाच्या भरात दिलेलं ते वचन दुसऱ्यांदा मोडायची शक्यता फार मोठी असते.

पुढचा गेम

परतफेड आणि शेवटची आवृत्ती पूर्ण होईपर्यंत नव्या गेमचं नावही काढू नका. त्यानंतर किती थांबायचं याचा नियम नाही, पण पैसे मागायची वेळ बदला. 'एफटीएल' या गेमच्या दोघा निर्मात्यांनी किकस्टार्टरवर २०१२ मध्ये १०,००० डॉलर मागितले आणि त्यांना २ लाखांहून अधिक मिळाले. मोहिमेच्या वेळी गेम बऱ्यापैकी तयार होता, वीसपट पैसे आल्यावरही त्यांनी त्याचा आवाका वीसपट केला नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो बाहेर आला. पुढच्या वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येणारा गेम हातात असेल तेव्हाच पैसे मागा, मग तो कितीही ओबडधोबड दिसू दे. नव्या पानावर जुन्या गेमच्या बंद करण्याच्या पत्राचा दुवा स्वतःहून द्या. कुणीतरी तो शोधून काढणारच आहे.

आणि दिनदर्शिकेत एक नोंद आजच करा: घोषणेनंतर बरोबर एका वर्षाने. त्या दिवशी एखाद्या कोऱ्या संगणकावर, खेळाडू करेल तसा, तुमचा बंद केलेला गेम उतरवून घ्या. दुवा चालतो का, गेम इंटरनेटशिवाय उघडतो का, श्रेयनामावलीतली नावं दिसतात का, दिलेल्या पत्त्यावर एखादं पत्र अनुत्तरित पडलंय का. पडलं असेल तर उत्तर द्या.